कानाची गाठ

४ नोव्हेंबर

ताई,

खुशालीचं शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तू त्या परवाना कार्यालयात इतकी वर्षं खुर्ची झिजवते आहेस, तुला माहीत असणारच. एकाची साधनं दुसऱ्याच्या पाण्यात सापडली तर तुमचा नियम काय म्हणतो? साधनं म्हणजे पिंपं, दोर, नांगर, तराफा, शिंपले वाढवायला जे जे लागतं ते. मी आपली सहज विचारते आहे.

सहज वगैरे काही नाही. तुला फसवण्यात काय अर्थ आहे? ऐक. आपल्या शेडच्या मागच्या भिंतीला बाबांच्या वेळची जुनी पिवळी पिंपं रचलेली असायची, आठवतं? परवा रंगाचा डबा शोधायला गेले तर भिंत मोकळी. ह्यांना विचारलं. हे भाकरीवरून नजर न उचलता म्हणाले, "गळकी होती, टाकून दिली." मी म्हटलं, बरं झालं, जागा झाली.

काल सकाळच्या ओहोटीला मी तराफ्यावर एकटीच होते. दोर वर ओढून शिंपले किती भरलेत ते बघत होते. सहज पलीकडे नजर गेली. पलीकडची म्हणजे कोण, तुला माहीत आहे. ह्यांचा तो जिवलग दोस्त गेल्या वर्षी तापाने गेला ना, त्याची बायको. खाडीच्या त्या अंगाचं पाणी तिचं, या अंगाचं माझं, मध्ये होड्यांची वाट. तर तिच्या पाण्यात पिवळी पिंपं! गळकी पिंपं इतकी दिमाखात तरंगताना मी जन्मात पाहिली नव्हती.

होडी वळवली आणि जवळ गेले. ती तिथे नव्हती. दोर हातात घेऊन पाहिला, आणि ताई, अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोराला कानाची गाठ!

तुला ती ठाऊक नसणार, तू पाण्यावर कधी टिकलीच नाहीस. दोर दोनदा फिरवायचा, शेपूट मागे वळवून खोचायचं आणि ओढायचं. गाठ आवळते आणि वर दोराचा छोटासा कान उभा राहतो. भरती-ओहोटीला कितीही हिसके बसू देत, सुटत नाही. आणि सोडायची असेल तर कान धरून ओढला की झटक्यात मोकळी. ही गाठ खाडीत दुसरं कोणी मारत नाही. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा ह्यांनी मला तराफ्यावर बसवून शिकवली होती, माझी बोटं हातात धरून. पाच वेळा शिकवली, कारण मी चार वेळा मुद्दाम चुकले. म्हणाले होते, "ही आपली गाठ."

पिंपं गेली तर गेली. पण गाठ, ताई? तिचीही बोटं धरली असतील का? हा एकच प्रश्न कालपासून डोक्यात घण घालतो आहे. हे मात्र शिट्टी वाजवत दाढी करतात.

उत्तर लवकर दे. फोन करू नकोस, आमच्या भिंती पातळ आहेत.

तुझी,
ठिणगी

ता. क. खुशाली : सगळे खुशाल आहेत. माझ्याशिवाय.

१२ नोव्हेंबर

ठिणगे,

पत्र मिळालं. तू पानावर पेन इतकं रेटलं आहेस की मागच्या बाजूनेही वाचता येतं.

आधी नियम, कारण तू तोच विचारला आहेस. आमच्याकडे परवाना नुसत्या पाण्याचा नसतो, पाण्यात लावलेल्या साधनांचा असतो. साधनं ज्याच्या नावावर, त्याचा रंग आणि त्याचा आकडा प्रत्येक पिंपावर हवा. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला तपासनीस येतो. त्या वेळी पाण्यात चालू साधनं दिसली नाहीत, तर परवाना आपोआप रद्द होतो आणि ते पाणी मागायचा पहिला हक्क शेजाऱ्याला मिळतो. एकाच्या रंगाचं साधन दुसऱ्याच्या पाण्यात सापडलं, तर ते विनापरवाना लावलेलं समजतात. साधन जप्त होतं, ज्याचं पाणी त्याचा परवाना जातो आणि ज्याने लावलं त्याला दोन हंगाम कोणाच्याही पाण्यात काम करता येत नाही. स्वतःच्या बायकोच्या पाण्यातही नाही. झालं समाधान?

आता ताई म्हणून लिहिते. तुझं डोकं तापलं की तुला दिसतं एक आणि तू पाहतेस दुसरंच. पलीकडचीचा तराफा वादळात फुटला. नवरा गेलेला, पदरी काही नाही, तपासणी तोंडावर आलेली. अशा वेळी कोणी चार पिंपं दिली तर त्यात बोटं धरण्याचा प्रश्न येतो कुठे? आणि भावोजी तुझ्याशी खोटं बोलले नाहीत. पिंपं गळकी होतीच. आतून डांबर भरून भोकं बुजवली, म्हणून तर तरंगतायत.

मागे एकदा त्यांनी तिच्या होडीची फळी ठोकून दिली, तर तू आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस. मीठ हवं असलं तरी मला फोन करून सांगायचीस आणि मी त्यांना फोन करायचे. पुन्हा ती वेळ माझ्यावर आणू नकोस. माझं बिल येतं.

एक मात्र नीट ऐक. कार्यालयाला काही लिहू नकोस. सही नसलेली तक्रार आम्ही केराच्या टोपलीत टाकतो. सही असलेली एकदा आत आली की देवही बाहेर काढू शकत नाही.

माझं म्हणशील तर खिडकीचं तावदान अजून बसवलेलं नाही. पुठ्ठा लावला आहे. वारा आला की शिक्का मारलेले कागद मीच धावत गोळा करते.

ताई

१६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लाज वाटली. दुसऱ्यांदा वाचताना डोळे उघडले.

आतून डांबर भरून भोकं बुजवली, होय? मी तुला डांबराचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं, तर लिहीन कुठून? पत्र हातात घेऊन शेडमध्ये गेले. फळीखाली डांबराचा डबा, वर पोतं झाकलेलं, ब्रश अजून मऊ. मला शेजारच्या खोलीत पत्ता नाही आणि तुला तिकडे, बोटीने अर्धा दिवस लांब, पुठ्ठ्याच्या खिडकीत बसून सगळं ठाऊक!

कोणी सांगितलं तुला? त्यांनीच ना? कधी? बाजाराला जातो म्हणून गेले होते आणि चुकीच्या मापाचा पंखा घेऊन परतले होते, तेव्हा?

आता मला कळेना की मी कोणावर जळू. इतके दिवस पलीकडचीवर जळत होते, त्यात एक शिस्त होती. सकाळी उठायचं, खिडकीतून तिच्या पिंपांकडे बघायचं, जळायचं आणि कामाला लागायचं. आता तूही त्यात. माझा नवरा मनातलं सांगायला माझ्या बहिणीकडे जातो आणि माझी बहीण मला नियम शिकवते. "डोकं तापलं की दिसतं एक" म्हणे! मला बरोबर तेच दिसतं जे असतं. दिसू नये म्हणून तुम्ही दोघांनी पोतं टाकलं होतंत.

मला विचारलं असतं तर मी दिली नसती का पिंपं? नसतीच दिली. पण विचारायला काय झालं होतं?

काल ती धक्क्यावर भेटली. ओले हात कमरेवर, केस वाऱ्यावर. मला बघून हसली. म्हणाली, "यंदा दोरांना शिंपले छान बसलेत, नाही?" मी म्हटलं, "हो, काहींचे तर दुसऱ्याच्या पिंपांवरही छान बसतात." ती हसायची थांबली. मला बरं वाटलं, पण घरापर्यंत काही ते टिकलं नाही.

आणि तुझ्या त्या शेवटच्या सूचनेला उशीर झाला. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी तक्रार टाकली. माझ्या रंगाची साधनं पलीकडच्या पाण्यात दिसतात, तपास व्हावा. ह्यांचं नाव कुठे घातलं नाही, मी काही वेडी नाही. खाली सही केली, पूर्ण नावाची, चांगल्या अक्षरात.

आता घाल त्यावर शिक्का.

ठिणगी

२१ नोव्हेंबर

ठिणगे,

घातला. तुझी तक्रार माझ्याच टेबलावर आली. मी ती वाचली, खाली ठेवली, बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत आले तर शेजारच्या टेबलाने ती उघडून वाचली होती आणि मला विचारत होता, "हे नाव तुमच्या बहिणीचं ना?" मग काय करणार? नोंद केली. पलीकडचीला नोटीस गेली. तपासनीस अमावास्येच्या ओहोटीला येईल.

हो, भावोजी आले होते. पंखा आणायला आले होते तेव्हाच. टोपी मांडीवर ठेवून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले तेव्हा उठून उभे राहिले. म्हणाले, "दोस्ताने शेवटी हात धरून एकच सांगितलं, पाणी जाऊ देऊ नकोस. शेडमधली पिंपं दिली तर चालेल का?" मी म्हटलं, "बायकोला विचारा, पिंपं तिच्या नावावर आहेत." तर ते इतके घाबरले की मलाच त्यांची दया आली. म्हणाले, "तिच्यासमोर पलीकडचीचं नाव जरी काढलं तरी ताट सरकवते." मग मी म्हटलं, भोकं डांबराने बुजवा, आणि तपासणीआधी कसंही करून पलीकडचीच्या रंगात रंगवून घ्या. रंगवायचं राहिलं, कारण तिचा हिरवा रंग घरात आणला असता तर तू ओळखला असतास.

तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तू स्वतःच लिहिलं आहेस तसं. यात माझा दोष आहे असं मला अजूनही पुरतं वाटत नाही, पण तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही.

आणि जळण्याचंच काढलं आहेस तर माझंही ऐकून घे. बाबांनी जाताना तुला पाणी दिलं आणि मला म्हणाले, "तुला काय, तुझ्या हातात पेन आहे." तेव्हापासून खाडीतल्या प्रत्येकाचा परवाना मी माझ्या हाताने लिहिते. दरवर्षी तुझाही लिहिते. तुझं नाव लिहिताना पेन जरा घसरतं, ते कुणाला कळत नाही. माझ्यासाठी कोणी गाठ मारलेली नाही की कोणी माझी बोटं धरून चार वेळा चुकू दिलेलं नाही. तुझं पत्र वाचताना त्या ओळीवर मी थांबले होते. तुला पलीकडच्या बाईच्या हातात दोर दिसला तर तू खाडी पेटवायला निघालीस. मला तर तो दोर कसा असतो हेही पत्रातून कळतं.

असो. आता काय होऊ शकतं ते सांगते. तपासनीस तिथल्या तिथे, पाण्यावर, तुला विचारेल की ही साधनं तुझी का, आणि तू ती दिलीस का. तू नाही म्हणालीस, तर पलीकडचीचा परवाना त्याच दिवशी गेला. पिंपं कोणी लावली याची चौकशी होईल आणि भावोजी दोन हंगाम तुझ्या तराफ्यावर पाय ठेवू शकणार नाहीत. तिचं पाणी मागायचा पहिला हक्क तुझा, म्हणजे अख्खी खाडी म्हणेल की तू हे पाण्यासाठीच केलंस.

तू हो म्हणालीस, तर ते साधन दिलेलं धरतात. तिला रंग बदलायला मुदत मिळते. पण तो हो ज्याच्या नावावर साधन, त्याच्याच तोंडून यावा लागतो. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही. तो मी तुझ्यासाठी लिहू शकत नाही.

काय बोलावं ते मी सांगणार नाही. एकदा सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

ताई

४ डिसेंबर

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही. तुझ्यावर रागावले होते म्हणून नाही. म्हणजे रागावले होतेच, पण त्याहून मोठी गडबड चालली होती.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांना तक्रारीचं कळलं, सगळ्या खाडीला कळलं. हे ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. नुसते शेडमध्ये जाऊन मोकळ्या भिंतीसमोर उभे राहायचे.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी एकटी होडी घेऊन पलीकडे गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. भांडायलाच बहुतेक. ती तराफ्याच्या कडेला बसून दोर बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "या. पिंपं न्यायला आलात?"

मी तिच्या हातांकडे बघत होते. दोन फेरे, शेपूट मागे, खोचलं, ओढलं. कान उभा. ताई, ती ती गाठ न बघता मारते. आपण पदर खोचतो ना, तशी सहज. मला अजून जीभ बाहेर काढून मारावी लागते.

म्हटलं, "ही कुणी शिकवली तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? माझीच आहे ती," ती म्हणाली. "माझ्या आईचे केस भारी जाड. फीत टिकायची नाही. तिच्या वेणीला मी अशी बांधायचे. लग्न होऊन इथे आले आणि एकदा दोराला बांधून बघितली, तर सुटेना. आमच्या ह्यांनी माझ्याकडून उचलली. त्यांनी तुमच्या ह्यांना दाखवली. का, काय झालं?"

काय झालं म्हणून विचारते! माझ्या लग्नाच्या आधीचं जे एकुलतं एक चोरून ठेवलेलं सुख होतं, ते हिच्या आईच्या वेणीतून आलेलं निघालं. मला तिथल्या तिथे पाण्यात उडी मारावीशी वाटली. आधी तिला ढकलून.

मी विचारलं, "मग इथल्या सगळ्या गाठी..."

"मीच मारल्यात. तुमचे हे कुठले थांबतायत! पिंपं ढकलून द्यायचे आणि मागे वळून तुमच्या खिडकीकडे बघायचे. चहा विचारला तर म्हणायचे, नको, घरी कळेल. एवढा घाबरणारा माणूस मी पाहिला नाही." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नोटिशीबरोबर तक्रारीची प्रत आली. अक्षर छान आहे तुमचं."

मी होडीचा काठ धरून उभी होते. तिने पुढचा दोर घेतला आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे. ओहोटीला तुमच्या तराफ्यावर तुम्ही दोघं भांडता, ते पाण्यावरून इथपर्यंत ऐकू येतं. दोर नीट ओढा, तुम्हीच नीट ओढा, दुपारपर्यंत चालू असतं. मी हातातलं काम ठेवून ऐकत बसते. गेले काही दिवस आवाज येत नाही, तर करमत नाही मला."

मला वाटलं टोमणा मारते आहे. तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता, ताई. ती जळत होती. माझ्यावर! मी इतकी वर्षं आरशात जे तोंड बघते ते मला ओळखता येतं.

तरीही तुला खोटं कशाला लिहू? माझं मन काही विरघळलं बिरघळलं नाही. घरी आले ती जास्तच पेटून. ह्यांनी तिला पिंपं दिली, हे घशात अडकून बसलं होतं. रात्रभर तेच. ह्यांनी दिली. ह्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी तुमचा तपासनीस आला. होडीत बसला आणि त्याचा चेहरा पलीकडचीच्या परवान्याच्या रंगासारखा हिरवा झाला. एका हाताने तोंड दाबून दुसऱ्या हाताने लिहीत होता. हे वल्ह्यावर बसलेले, मान खाली. पलीकडची तिच्या तराफ्यावर उभी. पाणी इतकं ओसरलं होतं की तिचे नांगर दिसत होते.

त्याने विचारलं, "ही पिवळी साधनं तुमची का?"

म्हटलं, "माझी. माझ्या बाबांची."

"तुम्ही दिलीत का?"

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. ह्यांनी वल्हं घट्ट धरलं होतं. पलीकडची माझ्याकडे बघतच नव्हती, पाण्याकडे बघत होती. आणि मला एकदम कळलं की मी नाही म्हणाले, तर त्या कागदावर कायमचं काय लिहिलं जाणार. ह्यांनी तिला दिली, असं. चौकशीत, नोंदीत, तुझ्या हस्ताक्षरात. खाडीत जो तो म्हणेल, त्याने तिच्यासाठी दोन हंगाम घालवले. तिच्यासाठी! ते मला मेल्यावरही सहन झालं नसतं.

म्हटलं, "मी दिली. ह्यांचा काही संबंध नाही. हे नुसते हमाल. माझी पिंपं आहेत, मी माझ्या मनाने दिली."

तपासनिसाने विचारलं, "मग तक्रार कशाला केलीत?"

"तिने रंगवायला उशीर केला म्हणून," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

पलीकडची खाली बसली. उभी होती ती तशीच बसली, ओल्या फळ्यांवर. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तर ताई, लोक आता मला फार मोठ्या मनाची म्हणतात. धक्क्यावरची मासळीवाली तर हात धरून रडली. तुला म्हणून सांगते, मोठं मन वगैरे काही नाही. मला फक्त ती पिंपं दुसऱ्या कुणी दिलेली नको होती.

परत येताना ह्यांना म्हटलं (इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य), "ती गाठ तिची आहे. तुम्ही मला आपली म्हणून शिकवलीत."

हे वल्हवता वल्हवता म्हणाले, "मला तुझा हात धरायला काहीतरी कारण हवं होतं. दुसरं काही येत नव्हतं मला."

यावर काय भांडायचं, तू सांग.

ठिणगी

१० डिसेंबर

ठिणगे,

अहवाल आला. तपासनिसाने त्यावर पाण्याचे डाग पाडून ठेवले आहेत, पण वाचता येतो. पलीकडचीचा परवाना कायम. साधनं देणारी म्हणून तुझं नाव. मी ते लिहिलं. पेन घसरलं नाही.

शेजारच्या टेबलाने विचारलं, "तुमची बहीण अशी कशी हो, आधी तक्रार करते आणि मग देऊन टाकते?" मी म्हटलं, आमच्या घरात असंच देतात. त्याला काही कळलं नाही, पण त्या दिवशी त्याने डब्यातला अर्धा घास मला दिला.

माझं खिडकीचं तावदान बसलं. आता वारा येत नाही, तर खोली फार शांत वाटते. पुढच्या महिन्यात चार दिवस रजा आहे. तिकडे यावं म्हणते. तराफ्यावर बसेन, मळमळलं तरी बसेन. मला ती गाठ शिकव. मी एकदाच चुकेन, फार लाड नकोत.

भावोजींना माझा नमस्कार सांग. आता मी त्यांना काही कळवत नाही, तुझ्यामार्फतच.

ताई

१८ डिसेंबर

ताई,

ये. जरूर ये. अंथरूण खिडकीकडे घालते, तिथून दोन्ही तराफे दिसतात.

पण ती गाठ माझ्याकडून शिकू नकोस. जिची आहे तिच्याकडूनच शीक, तिचा हात सफाईदार आहे. मी तिला सांगून ठेवलं आहे. पिंपं रंगवायला मी गेले होते ना, दोन दिवस सकाळी. म्हणजे ती रंगवत होती आणि मी कडेला बसून कुठे राहिलं ते दाखवत होते. हिरवा रंग काही वाईट नाही, दुरून बरा दिसतो. अजूनही हे तिकडे बघून हात हलवतात तेव्हा माझ्या पोटात बारीक कळ येते. ती काही जाणार नाही, मी तिची सवय करून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "थांबा, एक दाखवते. आईच्या केसांची दुसरी होती. ही मी आमच्या ह्यांनासुद्धा दाखवली नव्हती." आणि दाखवली. कानाच्या गाठीहून अवघड आहे. हिला दोन कान राहतात, आणि कोणता ओढायचा ते बांधणाऱ्यालाच माहीत. मी एकदाही मुद्दाम चुकले नाही, तरी सहा खेपा लागल्या.

आता माझ्या तराफ्यावरचे सगळे दोर मी तसेच बांधले आहेत. परवा ह्यांनी एक सोडायला घेतला. एक कान ओढला, आवळला. दुसरा ओढला, तोही आवळला, कारण मी मध्येच शेपूट लपवते. मला म्हणाले, "ही कुणी शिकवली?" म्हटलं, "आहे कोणीतरी." ताई, त्यांचं तोंड बघायला हवं होतंस. तेव्हापासून दाढी करताना शिट्टी बंद आहे. सकाळी माझ्याआधी तराफ्यावर जातात आणि दोर उलटेपालटे करून बघत बसतात. काल तर विचारलं, "तो होड्यांना रंग देणारा आला होता का इकडे?"

मी काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला छान झोप लागते आहे.

तू आलीस की तुला तीही शिकवू. पण एका अटीवर. त्यांना सांगायचं नाही. तुम्हा दोघांची सवय वाईट आहे.

तुझी,
ठिणगी